मात्रा

तेवीस पानं. मराठीतच, पण
कुण्या गावची मराठी ते कळत नाही.
‘सहभागी’ म्हणजे मी.
‘प्रतिकूल घटना’ म्हणजे जे व्हायचं ते.
रजनी वाचत गेली ओळीखाली बोट धरून,
पहिलीत असताना मी धरायचो तसं.
अकराव्या पानावर थांबली. तेच पुन्हा वाचलं.
औषधं दोन. एकेकटी माहीत आहेत,
एकत्र अजून फारशी कुणाला दिली नाहीत.
माणसाला किती मात्रा सोसते
तेवढंच पाहायचंय.
‘बरं होणं ह्यात कुठं लिहिलं नाही, बाबा.’

मात्रा मला कळते.
नागभीडच्या रस्त्यावर, बसथांब्याला लागून
सव्वीस वर्षं माझा पानठेला.
सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून
पाटावर घोटायचा,
तळहात पेटेस्तोवर.
कवडू मास्तरला चुना कमी.
ट्रॅक्टरवाल्या तानबाला तंबाखू दीडपट.
पुलाच्या कामावरच्या पोरांना सकाळी एक कडक,
दुपारच्याला दोन बांधून.
कुणाचं माप मी लिहून ठेवलं नाही,
कुणाचं चुकलंही नाही.
आणि कुणाला एक पान वाचून दाखवलं नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई वयानं रजनीएवढ्या.
म्हणाल्या, आधीच्या तिघांना कमी दिली,
तुमचा गट एक पायरी वर.
मी विचारलं, ते तिघं कसे हायेत?
‘दोघांचं चालू आहे.’
तिसऱ्याचं मी विचारलं नाही.
ठेल्यावरचं एखादं गिऱ्हाईक यायचं बंद व्हायचं,
तेव्हाही विचारत नव्हतो.
पुढच्याचा घोटायला घ्यायचो.

परबता दोन दिवस बोलली नाही.
मग म्हणाली, जबडा कापला, लाईट झाली,
तरी छातीत दोन ठिपके आलेच,
आता आनखी कायले जाता?
शेजारचा पत्रू म्हणाला,
‘उंदीर केला गा तुले, बापा.’
म्हटलं, उंदरांचं होऊन गेलं.
चौथ्या पानावर हाय.

सही करायच्या दिवशी कॅमेरा लावला.
तसा कायदा आहे म्हणे.
समजलं का, मर्जीनं येता का,
कुणी बळजबरी तर केली नाही?
बसमध्ये मी एक लांब वाक्य जुळवलं होतं,
ज्यांना आजवर घोटून दिलं त्यांच्यासाठी
निदान एवढं तरी, वगैरे.
माझं तोंड एक बोट उघडतं.
वाक्य आतच चोळामोळा झालं.
‘काका, पुन्हा बोला, आवाज नीट आला नाही.’
पुन्हा बोललो. पुन्हा नाही आला.
तिसऱ्यांदा नुसतं ‘हो’ म्हटलं.
‘हो’ला जबडा लागत नाही.

बरंच झालं. ते वाक्य खोटं होतं.
मला बोडीचं पाणी आटल्यावर
तळाशी राहिलेला मरळ खायचा आहे,
काटे काढून, भातात कालवून,
वेळ लागला तरी चालेल.
माझी मर्जी एवढीच आहे.

त्यांनी एक वही दिली.
तारीख, वेळ, काय झालं, कधी थांबलं.
विसरलेली गोळीही लिहायची.
एसटीचं तिकीट फेकायचं नाही, पैसे मिळतात.

काल दिवेलागणीला तानबाचा पोरगा दारात.
‘काका, ठेला कधी खोलता?
घरी असंल तर एक घोटून द्या ना.’
बाजेवर बसवला. म्हटलं, तोंड उघड.
आपलीच बोटं घाल, उभी. तीन गेली पाहिजेत.
हसला. हसत हसतच घातली.
दोन गेली.
तिसऱ्यापाशी तो हसायचा थांबला.

रात्री परबता म्हणाली, लिवलं का आजचं?
हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते
तेवीस पानांत नाही.
सलाईन सोमवारी झालं.
गोळी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.
मळमळ नाही.