शंभर टक्के

वडगावात, मागाच्या खोलीत,
राऊटरची पॉवर शंभरावर नेली.
माडीवर फोनच्या चारही काड्या भरल्या,
व्हिडिओ मात्र गरागरा फिरतच.

केबलवाला मल्लेशी जिन्यात हसला :
"ह्यो वरडतोय, ते वर ऐकू येतंय.
फोनचा आवाज बारीक,
तो खाली पोचत नाही बघा."

खाली धोटे थांबेनात.
आक्का केव्हाची हाका मारत होती,
मी दोनदा ओ दिली होती.

साठावर आणली.
राऊटर जांभ्याच्या भिंतीमागून काढून
जिन्याच्या वळणावर टांगला.
पलीकडून होसमनींची पोर कानडीत म्हणाली,
आमचं पण आता अडकत नाही.

मी उतरलो. मागाचं बटण दाबलं.
एवढ्या शांततेत आक्का दचकली.
म्हटलं, काय म्हणत होतीस?

ती विसरली होती.