दीड फूट वर

तिरुचेंगोडची लॉरी रात्रभर गुरगुरत होती.
धुरळा आधी तांबडा, मग पांढरट, मग राखेचा,
आणि तीनशे दहा फुटांवर ओला.
नारळ फोडायचा राहूनच गेला.

केसिंग चाळीस फूट घाला, ड्रायव्हरनं बोटांनी दाखवलं.
मी वीस दाखवले.
वर उरलेला पाइपही जमिनीसपाट कापून घेतला,
सायकल अडते म्हणून.
तोंडावर उलटं घमेलं, घमेल्यावर धोंडा.
पाच वर्षं तेवढ्यावर निभावलं.

बेळगुंदीतला आमचा जांभा:
म्हणायला दगड, आत नुसती चाळण.
वर सांडलेलं सगळं खाली जाऊन सांगतो.
वरच्या अंगाला गंगव्वाचा उकिरडा,
मधे आमचा शोषखड्डा,
आणि उताराला, नेमकी,
बोअर.

रताळी काढायच्या दिवसांत सुप्रिताचं पोट बिघडलं.
मग तिच्या आईचं.
आरोग्यखात्याच्या बाईनं बारकी बाटली दिली,
पाणी भरा, उद्या बघा.
उद्या बघितलं तर
तव्याच्या बुडासारखं काळं.
दोन दिवस कुणाला दाखवली नाही ती बाटली.
घरातलंच कुणी काहीतरी करून आल्यासारखी
चुलीमागं उभी होती.

बेळगावच्या लॅबचा कागद कन्नडात आला.
वाचायला गंगव्वाकडंच जावं लागलं.
चष्मा लावून तिनं ओळीवर बोट ठेवलं,
"कुडियलु योग्यवल्ल,"
आणि मग मराठीत, हळू,
"प्यायचं नव्हं हे."
बोट तिथंच. नजर खिडकीतनं उकिरड्यावर.
मी गप्प.
बोललो असतो तर शोषखड्डाही निघाला असता.

तिसऱ्या दिवशी तिचा भरमा ट्रॅक्टर घेऊन आला
आणि न सांगता उकिरडा पार ओढ्यापलीकडं, खालच्या रानात टाकून गेला.
मग मलाही लाज.
शोषखड्डा बुजवला, नवा खाली नेला.
लुमाण्णा वेल्डरनं पाइप दीड फूट वर चढवला,
भोवती खणून सिमेंट ओतलं, बोट शिरणार नाही असं,
कट्टा केला, बाहेर उतरता,
पेला सांडला तरी पाणी लांब पळावं.
तोंडाला बोल्टचं झाकण.
ब्लीचिंग टाकून रात्रभर ठेवलं, मग दिवसभर उपसलं.
अंगणाला दवाखान्याचा वास.

आज पुन्हा बाटली भरलीय.
रात्री दोनदा उठून बॅटरी मारली.
पिवळसर आहे अजून.
भिंतीपलीकडनं खोकला आला, मग आवाज,
"एनातु?"
तिलाही झोप नाही म्हणायची.
"अजून तरी बरं हाय," मी म्हटलं,
आणि परत येताना अंधारात
त्याच पाइपाला ठेचकाळलो.