मधली ओहोटी

गोथेनबर्ग, नोव्हेंबर. चारच्या आत अंधार.
इंगेगेर्द दर पंधरा मिनिटांनी
उंदराच्या नळीतून थेंबभर रक्त काढते,
वहीत वेळ टाकते. कॉफी परत गार.

नराचं संप्रेरक उसळतं,
मग तीन तास काही नाही,
चिटपाखरू नाही.
मादीचं झिरपत राहतं,
नळ नीट न पिळल्यासारखं.

यकृत आंधळं.
ते अंगाकडे बघत नाही, ठेका ऐकतं
आणि त्याबरहुकूम विकरं रांधतं.

सतरा नंबरच्या नराच्या पाठीत, कातडीखाली,
तिनं पंप बसवला. संथ, खंड न पडणारा.
आठवड्यात त्याचं यकृत
मादीच्या हस्ताक्षरात लिहू लागलं.
मिशा त्याच. चावणंही तेच.

"म्हणजे नर घडतो तो मधल्या रिकामपणानं,"
ती रूनेला म्हणाली.
रूने सहा आठवड्यांनी बोटीवरून उतरून
थेट इथे आलेला,
खुर्चीतच, बूट न काढता, झोपलेला.

जन्मल्यावर पहिल्या चार-दोन दिवसांतच
हा ठेका मेंदूवर कोरला जातो,
हे त्याला सांगायचं राहिलं.

त्याच्या बुटावरचं मीठ
तिनं बोटानं पुसलं, हात धुतले.
पहाटेचे सव्वातीन.
अठरा नंबर.