एकतीस टाके

लोकर कॅम्पातून आणली,
गोठणगावाकडच्या तिबेटी वस्तीतून.
दोन लडी, करड्या, मोहाच्या सालीसारख्या.
यांगचेनबाईनं विचारलं, कशाला?
म्हटलं, मफलरला. वननाक्यावर रात्रपाळी आहे,
डिसेंबर अर्धा सरलाय
आणि शेकोटी माणसाची
फक्त पुढची बाजू भाजते.

तिच्या भिंतीवर नमुने टांगलेले:
वेणी, शंकरपाळी, पिंपळपान,
एक जाळी, जिच्यातून वारा खुशाल जाईल
आणि बघणारा वा म्हणेल.
मी वेणी उचलली. हात शिवशिवत होते.

वेणीला तिसरी सुई लागते. ती नव्हती.
मन्सारामकाकांनी बांबूची काडी तासून दिली.
तीन टाके काडीवर, तीन मागून पुढे,
आता ओलांडायचे, तेवढ्यात
तुमसरकडची धानाची गाडी.
हॉर्न. दांडा वर. पास बघ, नंबर लिही.
परत येते तर काडी शेकोटीत
आणि तीन टाके मोकळे,
मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखे.

दुसऱ्या रात्री सगळंच सुलट धरलं.
सुलट, सुलट, सुलट,
ओळीमागून ओळ, बांधापासून बांधापर्यंत.
विसाव्या ओळीला माझी मान पडली.
काकांनीच दांडा उचलला,
काकांनीच रजिस्टरात लिहिलं,
त्यांच्या हातचं 'ट्रॅक्टर' तीन ठिकाणी मोडलेलं.
सकाळी एवढंच म्हणाले,
"बहूच सोपं बी नोको घेऊ बाई. झोप लागते."

शनिवारी पुन्हा कॅम्पात.
सोपं द्या, म्हटलं, पण जागं ठेवणारं.
अर्ध्यावर टाकून उठता यावं,
आणि परतल्यावर त्यानं विचारू नये,
कुठं होतीस, कितवी ओळ होती.
यांगचेनबाई हसली: "असा तर नवराबी भेटत नाही."

मग स्वतःच एकतीस टाके घातले.
विषम पाहिजेत, म्हणाली.
एक सुलट, एक उलट, कडेला सुलट.
पुढची ओळही तशीच, त्याच्या पुढचीही.
समोर सुलट दिसला की उलट घाल,
उलट दिसला की सुलट.
ध्यानात काही ठेवू नको. वीणच सांगते.
साबुदाणा म्हणतात हिला.

खरंच, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी,
दाणा दाणा मोकळा.
आणि दोन्ही अंगं सारखी,
पहाटेच्या अंधारात कशीही गुंडाळा,
चुकीची बाजूच नाही.

आता उलटतपासणी दोन्हीकडे चालते.
मागं काय आहे?
कोंडा आहे बाई.
टाका सुलट दिसतोय. उलट घालते.
कोंडाच?
कोंडाच.
सुया ठेवते, टॉर्च घेते.

त्या गुरुवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी,
कोंड्याच्या पोत्यांखाली बिजाच्या पाट्या निघाल्या,
ओल्या, कापल्या जागी लाल.
ड्रायव्हर कोवळा होता, मिशी नुसती सावलीएवढी.
तो सारखं पाणी मागत होता.
साहेबांची जीप यायला पाच वाजले.

तेवढ्या वेळात मी विणत बसले,
हातांना दुसरं काय द्यायचं म्हणून.
उजाडल्यावर पाहिलं:
सुलटावर सुलट घातलेला, उलटावर उलट.
सहा ओळी दाणा नाहीच,
उभे पट्टे, पावसात निथळलेल्या काचेसारखे.
जे दिसलं तेच करत गेले होते.

उसवायला सुई घातली. पहिला टाका सैल केला.
पुन्हा घट्ट केला.
पंचनाम्यात जे लिहिलं ते लिहिलं,
खाली सही, इं. कोडापे, वनरक्षक.
या सहा ओळी मानेमागं येतील, केसांखाली.
सातवीपासून पुन्हा साबुदाणा.

अजून एक लडी आणावी लागेल.
माझं वीतभर उरलंय, त्याला एवढी लागायची नाही.
पण काका दोन दिवसांपासून सांगतायत,
त्यांना करडा रंग आवडत नाही म्हणून.
मी विचारलं नव्हतं.