पाणी धरायचं नाही

जिंतूरच्या कॉलेजातला एकुलता युडिओमीटर
कपाटात, तडा गेलेला.
म्हणून कंधारकर मॅडम खडूनंच जाळतात:
दहा मिली अनोळखी वायू,
सत्तर ऑक्सिजन, एक ठिणगी.
थंड झाल्यावर पन्नास.
त्यातले तीस पोटॅशनं गिळले.
उरले वीस.

कार्बन तीन, तरन्नुम पुटपुटते.
ऑक्सिजन लागला पन्नास,
तीस कार्बननं नेला,
मग वीस कुणी?

"त्याचं पाणी झालं. पण पाणी धरायचं नाही,
थंडावलं की त्याचं आकारमान शून्य."

मागच्या बाकावर बालासाहेब खुसकन हसतो.
आज त्यांच्या गल्लीत नळ, अकराव्या दिवशी.
माय घागरी मांडून बसली असंल.
कामून धरायचं नाही, मॅडम?

वर्ग हसतो. मॅडमही, जराशा उशिरानं.

तरन्नुम खाली मान घालून गुणतेय.
वीस ऑक्सिजन, चाळीस वाफ,
दहाला चाळीस, म्हणजे एकाला चार,
प्रत्येकात हायड्रोजन दोन...
आठ!
सी तीन, एच आठ.
"प्रोपेन, मॅडम. अब्बांच्या दुकानात
शेगडी दुरुस्त झाली की
हेच पेटवून बघतात."

तास संपल्यावर सोनटक्के मामा येतात,
पिळलेल्या फडक्यानं फळा पुसतात.
तीन, आठ, वीस, सगळं जातं.
काळ्यावर ओल चमकते थोडा वेळ.
बालासाहेब तेवढं बघून
दप्तर उचलतो, पळतो.