सातवा ठिपका

हात उताणा ठेवा फुल्खेन्सिओ, कासिल्दा म्हणाली,
आणि बॉलपेननं आकडे घातले मनगटापासून कोपरापर्यंत,
एक ते दहा,
तोडायच्या फांद्यांवर आम्ही खूण करतो तसे.
मग थेंब. मग थेंबाथेंबातून टोचणी,
गुणगुण न करणाऱ्या डासासारखी.
आता वीस मिनिटं. खाजवायचं नाही.

आठ दिवस गोळी बंद ठेवून आलो होतो.
वीस मिनिटं म्हणजे किती, ते
उबेदाच्या दवाखान्यात हात उताणा ठेवून बसलेल्याला विचारा.
समोर एक बाई, मांडीवर पोर,
पोराच्या पाठीवरच आकडे, हात पुरला नाही म्हणून.
मी त्याला हात दाखवला, त्यानं पाठ दाखवली.
फिटंफाट.

पहिला नुसतं पाणी, तो गप्प.
दहावा फुगायलाच हवा असतो, तो फुगला.
सायप्रस थोडा लाजला. मांजर नाही
(बरं झालं, घरी तीन आहेत).
आणि सात.
सात फुगत गेला,
पांढरा, भोवती लाल, डाव्या अंगाला एक पाय फुटलेला,
जणू निघालाच कुठेतरी.

डॉक्टर केसादांनी पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.
पेननं त्याची हद्द आखली, चिकटपट्टीनं ती उचलली
आणि माझ्या कागदांत डकवली.
जमीन मोजायला येणारे सरकारी लोक
इतक्या निगुतीनं मोजत नाहीत.

ऑलिव्ह, त्या म्हणाल्या. तुम्ही काय करता?
चारशे बारा झाडं, मी म्हणालो.
कुंपण शेत खातं, हे ऐकून होतो.
इथे शेतानंच कुंपण खायला घेतलंय.

घरात आणखी कुणाला असा त्रास?

आता वडिलांचं काय सांगू.
दर मेमध्ये त्यांचे डोळे गळायचे.
अन्सेल्मोकाका मेमध्येच गेला, ट्रॅक्टरखाली,
म्हणून आम्ही पोरं महिनाभर हळू बोलायचो.
आई त्यांच्या ताटाशी दुसरा रुमाल ठेवायची,
घडी घालून, काही न विचारता.
गावात म्हणायचे, भाऊ असावा तर सेलेदोनियोसारखा,
तीस वर्षं रडतोय.
त्यांनी कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
कदाचित त्यांनाही वाटत असेल, हे दुःखच,
फुलोऱ्याबरोबर येतं
आणि फळ धरलं की जातं.

माहीत नाही, मी म्हणालो. प्रश्नचिन्ह टाका.
त्यांनी खरंच टाकलं.

मग उपाय. गोळी रोज घ्यायची, मोसमभर,
पण शिडीवर चढताना जपून.
किंवा नाकात फवारा, तोही एप्रिलच्या आधीपासून.
नाहीतर इंजेक्शनं: ऑलिव्हचेच पराग, कणाकणानं वाढवत,
तीन वर्षं, कदाचित पाच,
आणि दर वेळी अर्धा तास इथेच बसायचं,
अंगावर उलटतंय का बघत.
काट्यानं काटा, मी म्हणालो.
तसंच, पण सावकाश.
गुण येईल?
पुष्कळांना येतो. लिहून देत नाही.

लेओकादियाकडे आणखी एक उपाय आहे, फोनवरून:
विका, हिहोनला या, बाबा,
इथे समुद्र आहे, ऑलिव्ह फक्त बाटलीत असतं.

अठ्ठावन्न आणि पाच, त्रेसष्ट.
घरी जाताना हाच हिशेब घोळवत होतो,
मग आठवलं, गेल्या साली सोळा रोपं लावली,
ती पाच-सहा वर्षं एक फळ देणार नाहीत.
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, या वयात कशाला.
मीही नव्हतं विचारलं.

एकच गोष्ट डॉक्टरांशी बोलायची राहिली.
समजा गुण आला. समजा मे आला आणि डोळे कोरडे.
काकाचं काय करायचं?

रात्री भांडी घासताना बाकीचे आकडे गेले,
सात तेवढा राहिला, पुसट, उलटा.
गुरुवारची बस सव्वानऊला सुटते.
विचारून ठेवलंय.
नुसतं विचारून.