चौथी फेरी, कोबाला

दोनदा उड्डाण पुढे ढकललं.
द्रेयत्स फळ्यावर वाऱ्याचा वेग लिहितो,
बाहीनं पुसतो, पुन्हा लिहितो.
क्रनचा माथा दिसतो. मग नाही.
मी पहिली आहे, अवघ्या चौदा गुणांनी,
आणि पोटात सकाळचा पाव तसाच.

अडीचला धावले. सात पावलं,
आठवं जमिनीला लागलंच नाही.
व्हेरिओ किणकिणत होता, मग एकदम गप्प,
मांजर शिरल्यावर पाखरं होतात तसा.
दरीतून गार झोत आला, नदीच्या वासाचा;
दांडा पोटाशी ओढला
तरी पंख जागचा हलेना.

उतरले ते कुणाच्या तरी कापल्या कुरणात,
शेवटच्या खुणेच्या एकोणीस किलोमीटर अलीकडे.
म्हातारा आला. नाव नाही विचारलं, गुण नाहीत.
"उचल हे. खाली माझं गवत आहे."
पंख मिटला.
त्यानं दुसरं दाताळं पुढे केलं.

पश्चिमेला काळं होत आलेलं.
डोक्यावरून एक पंख गेला, केशरी,
मातेव्हचा असावा,
उंच, अगदी सरळ.
"हात चालू दे," म्हातारा म्हणाला.

उपड्या हेल्मेटवर पहिला थेंब वाजला
तेव्हा दोन ओळी उरल्या होत्या.